प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक : शिफारस, अनुमान आणि उत्तरदायित्व

१

मराठी ग्रंथव्यवहाराची चर्चा बहुधा लेखक, प्रकाशक आणि समीक्षक या तीन घटकांभोवती फिरत राहिली आहे. लेखकाने लिहिले, प्रकाशकाने छापले आणि समीक्षकाने मूल्यमापन केले की ग्रंथाचा प्रवास पूर्ण झाला, असे जणू गृहीत धरले जाते. विशिष्ट ग्रंथ विशिष्ट वाचकाच्या हाती कोणी दिला, काय सांगून दिला आणि कशासाठी दिला, हा प्रश्न मात्र वाङ्मयाभ्यासाच्या कक्षेबाहेरच राहिला. तो ग्रंथपालाच्या नोकरीचा, विक्रेत्याच्या व्यवहाराचा किंवा फार तर एखाद्या शिक्षकाच्या सौजन्याचा भाग मानला गेला. वास्तविक, वाचकाची अभिरुची घडते ती प्रामुख्याने या देवघेवीत. समीक्षा वाचणारे थोडे असतात. कोणीतरी ‘हे वाचून पाहा’ म्हणून हातात ठेवलेले पुस्तक मात्र जवळजवळ प्रत्येक वाचकाच्या आयुष्यात असते.

आज या प्रश्नाला वेगळीच निकड प्राप्त झाली आहे. ग्रंथ सुचवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर संगणकीय गणनविधीकडे, म्हणजे अल्गोरिदमकडे गेले आहे. महाजालावरील विक्रीकेंद्रावर एखादे पुस्तक पाहताच त्याच्याखाली आणखी दहा पुस्तकांची रांग उभी राहते. ही रांग त्या विशिष्ट व्यक्तीसाठी लावलेली आहे, असे तिला सांगितले जाते. माणसाने केलेली शिफारस आणि यंत्राने केलेली शिफारस यांत श्रेष्ठ कोणती, अशा स्वरूपात हा वाद सामान्यतः मांडला जातो. परंतु तो अशा रीतीने मांडल्यास एका बाजूला यंत्राविषयीचा भाबडा रोष आणि दुसऱ्या बाजूला तितकाच भाबडा उत्साह यांपलीकडे काही हाती लागत नाही. शिफारस ही कृती मुळात काय आहे, तिच्यात कोणत्या जबाबदाऱ्या गृहीत असतात आणि त्यांपैकी कोणत्या यंत्राकडे सोपवता येतात, हे आधी पाहिले पाहिजे.

२

ग्रंथ आणि वाचक यांच्या अनुरूपतेचा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगण्याचा प्रघात होता. या अनुबंधचतुष्टयातील ‘अधिकारी’ ही संकल्पना येथे विशेष महत्त्वाची आहे. हा ग्रंथ कोणासाठी आहे, तो वाचण्यापूर्वी वाचकाची कोणती सिद्धता असावी, हे ग्रंथकार स्वतःच सांगत असे. मराठीत याचे ठळक उदाहरण ‘दासबोधा’च्या पहिल्या समासात दिसते. हा कोणता ग्रंथ, यात काय सांगितले आहे आणि श्रवणाने काय लाभते, हे श्रोत्यांचे प्रश्न तेथे प्रथम उपस्थित होतात आणि ग्रंथ त्यांच्या उत्तरानेच सुरू होतो. वाचकाने ग्रंथ का घ्यावा, याचे उत्तर देण्याची जबाबदारी ग्रंथ पुढे ठेवणाऱ्यावर आहे, हे यातून गृहीत धरलेले दिसते.

मात्र या संकल्पनेची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. अधिकाराचा विचार ज्या समाजात झाला, त्या समाजाने अधिकार जन्मावरही ठरवला. स्त्रिया आणि शूद्र यांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारण्यात आला, तो याच शब्दाच्या आधाराने. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, गीतार्थ मराठीत आला. वारकरी परंपरेने कीर्तन-श्रवणाचे दार सर्वांना उघडले. या घटनांचे मोल अधिकाराच्या त्या संकुचित अर्थाला दिलेल्या आव्हानातच आहे. तेव्हा ‘कोणासाठी कोणता ग्रंथ’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती दोन शक्यता असतात. वाचकाची गरज ओळखून त्याला योग्य ग्रंथापर्यंत नेता येते, तसेच वाचकाची पायरी ठरवून त्याला ग्रंथापासून दूरही ठेवता येते. माणसाने केलेल्या शिफारशीचे गुण आणि दोष या दुहेरी शक्यतेतूनच निर्माण होतात.

३

आधुनिक काळात या विचाराला व्यावसायिक शिस्त दिली ती ग्रंथालयशास्त्राने. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यांतील दुसरा सिद्धान्त प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे असे सांगतो, तिसरा प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असे सांगतो आणि चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याची अपेक्षा व्यक्त करतो. दुसरा आणि तिसरा हे सिद्धान्त वरवर पाहता एकाच गोष्टीची दोन रूपे वाटतात. परंतु त्यांची दिशा भिन्न आहे. दुसऱ्यात प्रवास वाचकापासून सुरू होतो. तिसऱ्यात तो फळीवर न हलता पडून राहिलेल्या ग्रंथापासून सुरू होतो. ग्रंथालाही वाचकावर काही हक्क आहे आणि तो हक्क बजावून देणे हे ग्रंथपालाचे काम आहे, ही तिसऱ्या सिद्धान्तामागील दृष्टी आहे.

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत वाचकांना सल्ला देण्याच्या कामाची स्वतंत्र परंपरा आहे. तिची आधुनिक मांडणी जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात केली. वाचकाला पुस्तक आवडते ते केवळ विषयामुळे नव्हे. निवेदनाची गती, व्यक्तिरेखाटन, कथानकाची ठेवण आणि परिवेश यांपैकी कशाने तरी त्याचे मन धरलेले असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणून सल्लागाराने ‘कोणत्या विषयावरचे पुस्तक हवे’ एवढेच विचारून चालत नाही. ‘अलीकडे आवडलेल्या एखाद्या पुस्तकाविषयी सांगा’ अशी विनंती करायची आणि वाचक ज्या शब्दांत बोलतो त्या शब्दांकडे लक्ष द्यायचे, ही पद्धती तेथे रूढ झाली.

मराठीतील एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) आवडली असे सांगणारे तीन वाचक कल्पिता येतात. एकाला पांडुरंग सांगवीकराच्या भाषेतील तिरकसपणा आणि रूढ कादंबरीची चौकट झुगारणारी निवेदनशैली भावली. दुसऱ्याला त्याचे कोठेच न रुजणे, त्याच्या जगण्यातील निरर्थकतेची जाणीव अस्वस्थ करून गेली. तिसऱ्याच्या मनात गावातले घर, बापाशी असलेला ताण आणि धाकट्या बहिणीचा मृत्यू एवढेच घर करून राहिले. पहिल्याला किरण नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’कडे नेता येईल. दुसऱ्यासमोर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) ठेवता येईल. तिसऱ्याला उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (१९६०) कौतिकच्या संसाराची होरपळ अधिक जवळची वाटेल. या तीन पुस्तकांत परस्परसाम्य फारसे नाही. ती एकाच पुस्तकातून निघालेल्या तीन वाटांवर आहेत. आणि वाट कोणती घ्यायची, हे वाचकाशी बोलल्याखेरीज कळत नाही.

४

या पार्श्वभूमीवर यंत्रशिफारशीचा इतिहास उद्बोधक ठरतो. ग्रंथ सुचवणाऱ्या आरंभीच्या संगणकीय प्रणालींपैकी एक, ‘ग्रंडी’, १९७९ मध्ये एलेन रिच यांनी विद्वत्पत्रिकेतून मांडली. तिचे प्रतिमान ग्रंथपाल हेच होते. ती वाचकाला स्वतःचे वर्णन करायला सांगत असे, त्या वर्णनावरून त्याच्याविषयी काही अंदाज बांधत असे, एखादी कादंबरी सुचवत असे आणि सूचना पटली नाही तर त्याचे कारण विचारून आपला अंदाज दुरुस्त करत असे. तिचे अंदाज ठोकळेबाज होते, याची कबुली तिच्या रचनेतच होती. परंतु संवाद, कारण आणि दुरुस्ती ही ग्रंथपालाच्या कामाची तिन्ही अंगे तिने डोळ्यांसमोर ठेवली होती.

पुढच्या काळात मार्ग बदलला. १९९२ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रातील ‘टॅपेस्ट्री’ या प्रणालीच्या निमित्ताने सामूहिक पसंतीवरून निवड करण्याच्या पद्धतीला नाव मिळाले आणि १९९४ मध्ये ‘ग्रुपलेन्स’ने ती संगणकीय वार्तागटांना लावली. ॲमेझॉनने १९९८ पासून वापरलेल्या पद्धतीचे विवेचन तिच्या तीन अभियंत्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. या पद्धतीत वाचकाविषयी काही जाणण्याची आवश्यकताच उरली नाही. कोणती वस्तू कोणत्या वस्तूबरोबर खरेदी केली जाते याचा तक्ता आधीच सिद्ध ठेवायचा आणि ग्राहकाने एक वस्तू घेतली की तिच्या शेजारच्या वस्तू पुढे करायच्या, असे तिचे सूत्र आहे. गणिती दृष्ट्या ते अत्यंत कार्यक्षम आहे. कोट्यवधी ग्राहक आणि लक्षावधी वस्तू असतानाही ते क्षणार्धात उत्तर देते. याच कंपनीत आरंभीच्या वर्षांत पुस्तके निवडणारे आणि परीक्षणे लिहिणारे संपादक नोकरीस होते. त्यांच्यापैकी जेम्स मार्कस यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ॲमेझोनिया’ या आठवणींत, संपादकांची जागा यंत्राने कशी घेत नेली, याचे वर्णन आले आहे.

या स्थित्यंतरात नेमके काय गमावले? यंत्र पुस्तकाची पाने चाळत नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खरा असला तरी मुख्य नाही. मुख्य गोष्ट अशी की संवादाची जागा निरीक्षणाने घेतली. वाचक काय म्हणतो याऐवजी तो काय करतो, याची नोंद होऊ लागली. वर कल्पिलेले तीन वाचक या नोंदीत एकरूप होतात. तिघांनीही ‘कोसला’ घेतली, एवढेच नोंदले जाते आणि तिघांनाही बहुधा त्याच लेखकाची पुढची कादंबरी सुचवली जाते. खरेदीची नोंद पसंतीची नोंद नसते आणि पसंतीची नोंद पसंतीच्या कारणाची नोंद नसते. यंत्र जे देते ते अनुमान आहे. त्याला शिफारस म्हणणे हा शब्दाचा सैल वापर आहे. शिफारस करणारा आपला शब्द पणाला लावतो. पुस्तक पसंत पडले नाही तर वाचक परत येऊन त्याला जाब विचारू शकतो. अनुमानाला जाब विचारता येत नाही, फार तर ते आणखी एका अनुमानाने बदलता येते.

५

मराठीच्या संदर्भात हा प्रश्न आणखी एका कारणाने गंभीर होतो. सामूहिक पसंतीवर चालणाऱ्या पद्धतीला विपुल नोंदी लागतात. ज्या पुस्तकाविषयी नोंदी नाहीत, ते तिच्या लेखी जवळजवळ अस्तित्वातच नसते. मराठी वाचनाची फार मोठी बाजू मात्र नोंदींच्या बाहेर राहिली आहे. मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती ही दीर्घकाळ रूढ गोष्ट होती. त्यातील मोठा वाटा ग्रंथालयांकडे जात आला आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर उभ्या राहिलेल्या महाराष्ट्रातील शासनमान्य ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. अशा ग्रंथालयातील एक प्रत अनेक घरांत फिरते, एकाच घरात दोन पिढ्यांकडून वाचली जाते आणि तिच्या मागच्या पानावरील तारखांच्या शिक्क्यांखेरीज या वाचनाचा मागमूस कोठे उरत नाही. एक खरेदी म्हणजे एक वाचक हे यंत्राचे गृहीतक येथे मुळातच लागू पडत नाही. ग्रंथप्रदर्शनात रोखीने घेतलेले पुस्तक, शिक्षकाने स्वतःच्या कपाटातून काढून दिलेले पुस्तक, जुन्या बाजारात मिळालेले पुस्तक यांचीही तीच स्थिती आहे.

किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीस आली. म्हणजे ज्या वाङ्मयाचा मुद्रित इतिहास दोन शतकांचा आहे, त्याच्या वाचनाची ही संगणकीय नोंद जेमतेम दशकभराची आहे. शिवाय तीत प्रामुख्याने जी पुस्तके उपलब्ध आहेत तीच येणार. एकाच लेखकाचे नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते, जुन्या आवृत्त्यांना प्रमाणित ग्रंथांक नसतात. परिणामी आहेत त्या नोंदीही विखुरतात. अशा तुटपुंज्या नोंदींवरून काढलेले अनुमान साहजिकच आधीच खपणाऱ्या मोजक्या पुस्तकांकडे झुकते. जे खपते ते सुचवले जाते आणि जे सुचवले जाते ते अधिक खपते. रंगनाथन यांचा दुसरा आणि चौथा सिद्धान्त यंत्र बऱ्याच अंशी पाळते; ते वाचकाला काहीतरी देते आणि त्याचा वेळही वाचवते. तिसऱ्या सिद्धान्तापाशी मात्र ते थांबते. अंधाऱ्या फळीवरील ग्रंथाची वकिली करणारे त्याच्यापाशी कोणी नसते.

नव्या वाङ्मयप्रकाराच्या बाबतीत ही मर्यादा सर्वांत ठळक दिसते. दया पवार यांचे ‘बलुतं’ ‘ग्रंथाली’ने १९७८ मध्ये प्रकाशित केले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये तेथूनच आले. ‘स्वामी’ आणि ‘मृत्युंजय’ वाचणाऱ्या वाचकाच्या नोंदीवरून ‘श्रीमान योगी’पर्यंत पोहोचता आले असते, ‘बलुतं’पर्यंत पोहोचवणारी कोणतीही पूर्वनोंद त्या वाचकापाशी असण्याचा संभव नव्हता. अनुमान भूतकाळाच्या पायावर उभे असते. जे पूर्वी कोणी वाचलेच नाही, त्याची वाट भूतकाळात सापडत नाही. ‘ग्रंथाली’सारख्या वाचकचळवळीने ग्रंथयात्रा काढून, सभा-संमेलनांतून, माणसांशी बोलून ही पुस्तके ज्यांनी ती स्वतःहून मागितली नसती अशा वाचकांपर्यंत नेली. वाचकाच्या आजवरच्या आवडीविरुद्ध जाऊन पुस्तक पुढे ठेवण्याचे हे धैर्य शिफारशीच्या मुळाशी असते.

६

येथवरच्या विवेचनावरून माणसाने केलेल्या शिफारशीचे निरपवाद समर्थन होते, असे समजण्याचे कारण नाही. तिचे दोष मराठीच्या अभ्यासकांना जितके परिचित आहेत तितके क्वचितच कोणाला असतील. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह ‘कोसला’च्याच वर्षी, १९६३ मध्ये, प्रसिद्ध झाला. ही दोन पुस्तके एका वाचकाच्या हाती एकाच वेळी देणारे शिक्षक किती असतील, याचा विचार प्रत्येक विभागाने मनाशी करावा. शिफारस करणारा ज्या वर्तुळात वावरतो, त्या वर्तुळाची जात, त्याचे शहर, त्याचे लिंग आणि त्याचे स्नेहसंबंध त्याच्या शिफारशीत उतरतात. प्रस्तावना, पुरस्कार आणि परीक्षणे यांची परस्पर देवघेव हे मराठी साहित्यव्यवहाराचे गुपित राहिलेले नाही. अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्याला सुचवली जाणारी यादी म्हणजे शिक्षकाने स्वतः विद्यार्थिदशेत वाचलेली यादी असते. जी व्यक्ती वीस वर्षांत नवे वाचत नाही, तिची शिफारसही भूतकाळावरचे अनुमानच असते. फरक एवढाच की यंत्राच्या नोंदी निदान रोज वाढत असतात.

यंत्राच्या बाजूने आणखीही दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. ज्या गावात पुस्तकाचे दुकान नाही आणि ग्रंथालय नावापुरतेच उघडते, तेथील वाचकाला यंत्राने दिलेले अपुरे अनुमानही मोलाचे असते. दुसरे असे की यंत्र वाचकाकडे रोखून पाहत नाही. लैंगिकता, धर्मचिकित्सा, मानसिक आजार यांसारख्या विषयांवरील पुस्तक गावातल्या ओळखीच्या ग्रंथपालाकडे मागणे एखाद्या तरुणीला अशक्य असू शकते. ‘हे तुझ्या वयाला योग्य नाही’ हे वाक्य शिफारशीच्या परंपरेतलेच आहे आणि त्याने अनेकांचे वाचन रोखले आहे. अर्थात या एकांताचीही किंमत असते. यंत्र रोखून पाहत नसले तरी नोंद ठेवत असते, आणि त्या नोंदीचा मालक वाचक नसतो.

तेव्हा प्रश्न माणूस की यंत्र असा नसून शिफारस उत्तरदायी आहे की नाही, असा आहे. पक्षपाती शिक्षकाला त्याच्या पक्षपाताचा जाब विचारता येतो. दलित साहित्याच्या चळवळीने प्रस्थापित समीक्षेला तो विचारला, स्त्रीवादी अभ्यासकांनी अभ्यासक्रमांना विचारला आणि त्यामुळे याद्या काही प्रमाणात बदलल्या. हा वाद शक्य झाला, कारण शिफारशीचा कर्ता समोर होता. त्याला नाव होते, त्याची कारणे छापील होती आणि ती खोडून काढता येत होती. अनुमानाच्या पक्षपाताला असा कर्ता नसतो. यादीत एखादे पुस्तक का नाही, याचे उत्तर द्यायला तेथे कोणी उभे नसते.

७

अलीकडे यंत्राने पुन्हा एकदा संवादाचे रूप घेतले आहे. २०२२ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून वाचक यंत्राला स्वतःच्या भाषेत आपली आवड सांगू शकतो आणि यंत्रही कारणांसह पुस्तके सुचवते. ‘ग्रंडी’चे स्वप्न अशा प्रकारे साकार झाले, असे कोणी म्हणू शकेल. परंतु मे २०२५ मधील एका घटनेने या संवादाची मर्यादा दाखवून दिली. ‘शिकागो सन-टाइम्स’ या अमेरिकन दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचण्याजोग्या पंधरा पुस्तकांची यादी प्रसिद्ध झाली. ती पुरवणी बाहेरच्या वितरणसंस्थेकडून आली होती आणि ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’नेही ती छापली होती. यादीतील लेखक खरे होते. पंधरापैकी दहा पुस्तके मात्र अस्तित्वातच नव्हती. इसाबेल अलेंदे यांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेली कादंबरी, तिच्या आशयाच्या वर्णनासह, दिलेली होती. मजकूर यंत्राकडून तयार करून घेतला आणि तपासला नाही, हे नंतर उघड झाले.

या घटनेत यंत्राची चूक दिसते, तशी माणसाची अनुपस्थितीही दिसते. लेखनापासून छपाईपर्यंत त्या यादीतील पुस्तके वाचलेली एक तरी व्यक्ती असती, तर ती यादी छापली गेली नसती. न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस करणे हा ग्रंथव्यवहारातील जुना अपराध आहे. मराठीतही मलपृष्ठावरील मजकूर उतरवून परीक्षण लिहिण्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. यंत्राने हा अपराध सोपा, जलद आणि भाषेच्या दृष्टीने निर्दोष करून दिला, एवढेच. मराठीत, जिथे सूची अपुऱ्या आहेत आणि जुने ग्रंथ दुर्मीळ आहेत, तिथे असा कल्पित ग्रंथ एखाद्या शोधप्रबंधात शिरला तर तो ओळखायलाही वाचलेली व्यक्तीच लागेल.

८

या साऱ्याचा विद्यापीठीय मराठी विभागांशी थेट संबंध आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला विभाग समीक्षा लिहायला शिकवतो. ग्रंथ सुचवायला शिकवत नाही. समीक्षा ग्रंथाविषयी असते, शिफारस ग्रंथ आणि व्यक्ती या दोहोंविषयी असते. ‘अमुक कादंबरीतील निवेदनतंत्र’ या प्रश्नाचे उत्तर टिपणांवरून लिहिता येते. ‘शेतीत राबणाऱ्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि वर्तमानपत्राखेरीज काही न वाचणाऱ्या पन्नाशीतील गृहस्थाला कोणते मराठी पुस्तक द्याल आणि का’ या प्रश्नाचे उत्तर मात्र वाचल्याशिवाय आणि त्या गृहस्थाचे ऐकल्याशिवाय लिहिता येणार नाही. असा एक स्वाध्याय प्रत्येक सत्रात ठेवणे कोणत्याही विभागाला अशक्य नाही.

दुसरी गोष्ट सूचींची. मराठीत ग्रंथसूचीचे काम मोठे झाले आहे. परंतु सूची ग्रंथाचे अस्तित्व सांगते, त्याचा वाचक सांगत नाही. ग्रंथाची गती कशी आहे, भाषा कोणत्या प्रदेशाची आहे, वाचकाकडून कोणती पूर्वतयारी अपेक्षित आहे, कोणत्या पुस्तकानंतर तो वाचावा, हे दोन-चार वाक्यांत आणि टिपणकर्त्याच्या नावानिशी सांगणारी टिपणसूची विभागांनी महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या साहाय्याने तयार करावी. प्रारंभ विभागाच्या ग्रंथालयात गेल्या अनेक वर्षांत एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांपासून व्हावा. तिसऱ्या सिद्धान्ताची ती खरी परीक्षा ठरेल. जुन्या नोंदवह्या आणि मागील पानांवरचे शिक्के टाकून देण्यापूर्वी ते वाचनेतिहासाचे साधन म्हणून जपणे, हेही याच कामाचे अंग आहे. संगणकाचा उपयोग शोधण्यासाठी आणि नोंदींचा मेळ घालण्यासाठी अवश्य करावा. निवाडा मात्र नाव असलेल्या व्यक्तीने करावा.

हे काम संस्थात्मक बळाशिवाय होत नाही, असाही युक्तिवाद केला जाईल. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन यांना बडोद्यास बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तेव्हा लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेडोपाडी गेली. त्यामागे संस्थानचे बळ होते. परंतु २००९ मध्ये नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली, ती लोकांच्या देणग्यांवर. शंभर पुस्तकांची पेटी साधारण पस्तीस वाचकांच्या गटाकडे द्यायची आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल करायची, असे तिचे साधे स्वरूप होते. पेटी व्यक्तीसाठी नसते, गटासाठी असते, हे खरे. तरीही त्या शंभर पुस्तकांची निवड कोणीतरी केलेली असते आणि पेटी परत येते तेव्हा निवडणाऱ्याला वाचकाचे म्हणणे ऐकावे लागते.

महाविद्यालयीन शिक्षकाजवळ तर पेटीचीही गरज नाही. त्याच्यासमोर दरवर्षी नवे विद्यार्थी येतात, त्यांची नावे त्याला ठाऊक असतात आणि ग्रंथालय पन्नास पावलांवर असते. वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षाकाठी एक पुस्तक, त्याच्याशी बोलून, स्वतः वाचलेल्या पुस्तकांतून निवडून आणि कारण सांगून देणे, एवढे व्रत मराठीच्या शिक्षकाने स्वीकारले तरी ते अल्प नाही. त्यासाठी त्याला स्वतःला वाचत राहावे लागेल. यंत्राच्या आक्रमणाविषयी चिंता व्यक्त करण्याचा अधिकार हे व्रत पाळणाऱ्यालाच पोहोचतो.